शेंगदाण्याची बाटली

रविवारी सकाळी सिंगापूरच्या सेरंगून रोडवरून आत वळणाऱ्या त्या अरुंद गल्लीत रांग दिसली, की नवख्या माणसाला वाटायचं, कुठेतरी फुकट जेवण वाटतायत. रांगेत आंग मो किओच्या कंपन्यांमधले इंजिनिअर असत, कडेवर मुलं घेतलेल्या बायका असत, पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले आजी-आजोबा असत. सगळे 'शेटे आणि मंडळी' या किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर जायची वाट बघत उभे असत. आणि वरून खाली येणारा प्रत्येक जण स्वतःचा उजवा हात असा निरखत येई, जणू तो त्याला आजच मिळाला आहे.

वर अन्नयोगी हेमचंद्र बसत. दाढी नाही, भगवं नाही, उदबत्तीसुद्धा नाही. इस्त्रीचा पांढरा सदरा, बारीक काडीचा चष्मा. बँकेतला माणूस वाटावा. समोर मेजावर बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्या मांडलेल्या. एकीत तांदूळ, एकीत गहू, एकीत तूरडाळ, ज्वारी, साखर, शेंगदाणे. आलेल्या माणसाने डाव्या मुठीत एक बाटली धरायची आणि उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा ताठ धरायचा. हेमचंद्र तो हात दोन बोटांनी खाली दाबत. धान्य मानवत असेल तर हात लोखंडासारखा राही. मानवत नसेल तर ओल्या टॉवेलसारखा खाली येई.

"मी काहीच करत नाही," ते हसून म्हणत. "मी फक्त विचारतो. तुमचा मेंदू शिकलेला आहे, म्हणून तो फसतो. हात अडाणी आहे, म्हणून खरं सांगतो. शरीर खोटं बोलत नाही."

मग ते सांगत, की प्रत्येक दाण्याला कंप असतो, प्रत्येक पेशीला कान असतात, आणि परदेशातल्या पाण्यामुळे आपल्या पेशींना मायबोली ऐकू येईनाशी होते. त्यावर उपाय म्हणजे अन्नमुद्रा. तांब्याची रुपयाएवढी चकती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. ती गळ्यात घातली, की तोच माणूस, तीच बाटली, आणि हात पुन्हा लोखंडासारखा. लोक थक्क होत. सॉफ्टवेअरमधला एक गृहस्थ तर आपला हात पडताना पाहून रडला होता.

खाली गल्ल्यावर साधना शेटे बसत असे. मुद्रेच्या दोऱ्याला गाठ मारून ती गिऱ्हाइकाच्या हातात देणं हे तिचं काम होतं.

साधना लग्नाआधी बार्शीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा निशिकांत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरीला म्हणून सिंगापूरला आला, मागून तीही आली. पुढे कंपनीने माणसं कमी केली तेव्हा निशिकांतने घराण्याचा धंदा पुन्हा हाती घेतला. त्याच्या पणजोबांचं बार्शीला दुकान होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते गावातल्या साप्ताहिकात जाहिराती द्यायचे आणि आठवड्याच्या बाजारात हलगीवाला फिरवायचे. त्यांची एक जुनी जाहिरात निशिकांतने चौकटीत घालून गल्ल्यामागे लावली होती: 'शेटे यांचा शक्तिप्राश! अशक्त सशक्त होतो, सशक्त पहिलवान होतो. अनुभव घ्या, मग बोला.'

निशिकांतला जाहिरातीचं वेड रक्तातूनच आलं होतं. पण दुकानाची जाहिरात कितीही केली तरी लोक फोनवरून किराणा मागवत, नाहीतर कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात जात. शेट्यांच्या मेतकुटाच्या पुड्यांवर धूळ बसू लागली होती. अशा वेळी हेमचंद्र कुणाच्या तरी ओळखीने आले आणि वरची रिकामी खोली रविवारपुरती मागून घेतली. निशिकांतने पणजोबांच्या थाटात मजकूर तयार केला, 'पोटाला काय हवे ते डॉक्टरला ठाऊक नाही, हाताला ठाऊक आहे!' आणि मराठी मंडळींच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर पाठवला. तिसऱ्या रविवारी रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली.

साधनाला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. वर ज्याचा गव्हाला हात पडे, त्याचा शेट्यांच्या खपली गव्हाला मात्र हटकून ताठ राही. तांदळाचं तेच, तुपाचं तेच. शरीर खोटं बोलत नसेलही, पण ते या दुकानाची इतकी भलामण का करतं, हे तिला कळत नव्हतं. तिने एकदा निशिकांतला तसं विचारलं. तो म्हणाला, आपला माल चांगला आहे म्हणून. ती गप्प बसली. दुकान चालत होतं, आणि चालणाऱ्या दुकानात प्रश्न विचारायला कोणालाच आवडत नाही.

मग खपलीची बाटली फुटली. कोणाच्या तरी लहान मुलाने मेजावरून ओढली. त्या आठवड्यात खपलीचं पोतं आलं नव्हतं, म्हणून साधनाने नव्या बाटलीत साधा गहू भरला, वर 'खपली' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि पोतं आलं की बदलू म्हणून विसरून गेली. आठवलं तेव्हा दोन रविवार उलटले होते. त्या दोन रविवारांत कितीतरी लोकांचा हात मेजावरच्या साध्या गव्हाला पडला होता, आणि लगेच त्याच गव्हाला, चिठ्ठी बदललेली म्हणून, ताठ राहिला होता. दोन्ही बाटल्यांत एकाच पोत्यातले दाणे होते. पेशींच्या कानांना काही कळलं नव्हतं.

साधनाने बाटली बदलली नाही. कोणाला काही सांगितलंही नाही. त्या दिवसापासून ती चहा द्यायच्या निमित्ताने वर जायला लागली आणि लोकांच्या चेहऱ्यांऐवजी हेमचंद्रांच्या बोटांकडे बघायला लागली.

नऊ वर्षांची जाई तिला याच दिवसांत भेटली. जाईची आई कादंबरी बेडोकला राहायची, एका औषध कंपनीत हिशेबाचं काम करायची. वडील प्रताप कामासाठी महिन्यातले बरेच दिवस जकार्तात. जाईला शेंगदाणा चालत नसे. न चालणं म्हणजे पित्त उठणं नव्हे. ती पाच वर्षांची असताना कोणाच्या तरी वाढदिवसाला चिवड्याचा एक घास तिने खाल्ला होता. ओठ सुजले, गळा आवळला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत ती निळी पडत चालली होती. तेव्हापासून इंजेक्शनचं पेन तिच्या दप्तरातल्या लाल पाकिटात कायम असे. मराठी घरात शेंगदाणा टाळणं म्हणजे काय, ते कादंबरीलाच ठाऊक. खिचडीत कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट. कोणाकडे जेवायला जायचं तर जाईचा डबा वेगळा, आणि सगळे जेवत असताना ती कोपऱ्यात बसून तो उघडायची.

हेमचंद्रांनी जाईच्या मुठीत शेंगदाण्याची बंद बाटली दिली, तिचा हात पडला. मुद्रा घातली, हात थोडा टिकला. पुढच्या रविवारी आणखी टिकला. महिन्याभरात मुद्रेसकट तो लोखंडासारखा राहू लागला. कादंबरी दर वेळी खाली येताना साधनाचा हात हातात घेऊन दाबायची.

एका रविवारी कादंबरी वर बोलत बसली होती आणि जाई खाली गल्ल्याजवळच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती. ती मनगट चोळत होती. साधनाने विचारलं, दुखतंय का?

"फर्स्ट टाइम दुखतं," जाई म्हणाली. "नेकलेस घातला की दुखत नाही. बिकॉज अंकल डिफरंट जागेवर पुश करतात, मावशी. फर्स्ट इथे." तिने मनगटाला बोट लावलं. "देन इथे." बोट कोपराशी गेलं. "आय टोल्ड मम्मा. मम्मा सेज डोन्ट बी रूड लाह." इथल्या शाळेतल्या मुलांसारखा तिने शेवटी 'लाह' जोडला.

साधना मागच्या फळीकडे वळली. तिने जाईला राजगिऱ्याची वडी दिली, पाकिटावरचा मजकूर आधी दोनदा वाचून.

दुकान बंद झाल्यावर तिने निशिकांतला स्वयंपाकघरात उभं केलं आणि हात आडवा धरायला लावला. मुठीत काहीच दिलं नाही. बोलता बोलता, न सांगता, मनगटावर दाबलं. हात खाली आला. मग "आता घट्ट धरा हं," असं सांगून कोपराजवळ दाबलं. हात जागचा हलला नाही. निशिकांत आपल्या हाताकडे बघत राहिला.

"दाराची कडी बिजागरीपासून लांब का बसवतात?" तिने विचारलं. "जितकं लांब ढकलाल तितकं सोपं जातं, म्हणून. मी हे सातवीला शिकवायचे."

निशिकांतने मान हलवली, पण तो हट्टाने म्हणाला, की यात कोणाचं काही बिघडत नाही. कोणी गहू सोडतो, कोणी ज्वारी खातो, झालं. पणजोबाही शक्तिप्राश विकायचेच की. त्या प्राशात काय असायचं, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, गूळ आणि ओवा. आणि मग थोडं वैतागून, ही रांग गेली तर दुकान किती दिवस टिकेल याचा तिने विचार केलाय का, असं विचारलं. तिने केला होता. म्हणूनच तिने आणखी एक आठवडा थांबायचं ठरवलं.

तो आठवडा संपायच्या आत तिच्या फोनवर निशिकांतचीच नवी जाहिरात आली. 'शेंगदाणामुक्ती! वैद्यकशास्त्राने हात टेकले, हाताने वैद्यकशास्त्र टेकवले! येत्या रविवारी कु. जाई सर्वांसमोर शेंगदाण्याचा लाडू खाणार. पाहायला या.'

साधनाने नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, हेमचंद्रांनी मजकूर सांगितला, मुलीच्या आईचीही संमती आहे. ती म्हणाली, मुलगी मरेल. ती इतक्या हळू आवाजात म्हणाली, की निशिकांतने हातातला फोन खाली ठेवला. हेमचंद्रांना फोन लावून कार्यक्रम थांबवा, असं तिने सांगितलं. त्याने लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, की आईची श्रद्धा आहे, मुलीचा हात साक्षी आहे, आणि दुकानाला नको असेल तर इतर जागा खूप आहेत.

दुसऱ्या दिवशी साधना बेडोकला गेली. कादंबरीने चहा केला, आनंदाने ऐकायला बसली, आणि जसजसं ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा बंद होत गेला. डॉक्टरांनी तर आयुष्यभर जपा एवढंच सांगितलं होतं, ती म्हणाली. आशा कोणी दिली होती? जाईचा हात तिने स्वतःच्या डोळ्यांनी टिकताना पाहिला होता. आणि लाल पाकीट जवळ असणारच होतं.

"साधनाताई, ती मुद्रा मी तुमच्याच दुकानातून घेतली," ती म्हणाली. "गाठ तुम्ही मारून दिलीत. तेव्हा का नाही बोललात?"

साधनाने चहाचा कप खाली ठेवला. उठताना ती एवढंच म्हणाली, "मी खोटी असेन तर मला सगळ्यांदेखत खोटं पाडा. पण लाडू द्यायच्या आधी त्यांच्याकडून एक परीक्षा करून घ्या. मुद्रा काढून ठेवा, पाच बाटल्या कागदात गुंडाळा, आणि यातली शेंगदाण्याची कुठली ते जाईच्या हाताला तीनदा सांगू द्या. हात खरं बोलत असेल तर ओळखेल. मग मी स्वतः पाया पडेन त्यांच्या."

कादंबरीने दार लावून घेतलं. ती काय करणार, हे साधनाला कळलं नाही.

रविवारी वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक फोन वर धरून उभे होते. मधोमध मेजावर स्टीलच्या ताटलीत एक लाडू. जाई नवा फ्रॉक घालून खुर्चीवर बसली होती आणि लाडवाकडे बघत नव्हती. साधना तिच्या अगदी जवळ, ताटलीला हात पोचेल अशी उभी राहिली. कादंबरी काही बोलली नाही, तर ताटली उचलून खिडकीबाहेर टाकायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

हेमचंद्रांनी सुरुवात केली. आज विज्ञानाच्या इतिहासातला मोठा दिवस आहे, ते म्हणाले, फक्त विज्ञानाला अजून ते माहीत नाही. लोक हसले. भीती हाच खरा शेंगदाणा, ते म्हणाले; तो मनातून काढला की ताटातला काय करणार? कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी ताटलीकडे हात नेला.

"गुरुजी, एक मिनिट," कादंबरी म्हणाली.

तिने पर्समधून खाकी कागदाचे तुकडे काढले. मनाचं समाधान म्हणून आधी एक करायचंय, ती म्हणाली, आणि साधनाने सांगितलेलं सगळं तिने जसंच्या तसं सांगितलं. पाच बाटल्या, गुंडाळलेल्या. मुद्रा काढलेली. तीनदा करायचं, म्हणजे नशिबाने लागलं असं कोणी म्हणायला नको.

हेमचंद्र हसले. शंकेने कंप बिघडतात, ते म्हणाले. कादंबरी म्हणाली, शंका नाही गुरुजी, हे सगळ्यांना दिसावं एवढंच. कागदातून कंप जात नाहीत, ते म्हणाले. त्यावर मागे उभा असलेला नरेश नावाचा चिप तपासणीतला इंजिनिअर बोलला. त्याचा हात चार महिन्यांपूर्वी तांदळाला पडला होता आणि तेव्हापासून तो वरण भाकरीशी खात होता.

"गुरुजी, काचेतून जातात तर कागदातून का नाही?" तो अगदी भक्तिभावाने म्हणाला. "आमच्याकडेही तपासणाऱ्याला कुठली चिप कुणाची ते सांगत नाहीत. सांगितलं तर त्याला हवं तेच दिसतं."

लोकांमध्ये कुजबुज झाली. बऱ्याच जणांना खरोखरच हे बघायचं होतं; त्यांना चमत्कार आणखी मोठा होईल असं वाटत होतं. हेमचंद्रांनी त्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि खांदे उडवून हो म्हटलं.

कादंबरीने पाठ फिरवून तांदूळ, डाळ, ज्वारी, साखर आणि शेंगदाण्याची बाटली कागदात गुंडाळली. बाटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या, हलवून आवाज येत नव्हता. मग तिने डोळे मिटले आणि नरेशने त्यांची सरमिसळ केली. आता खोलीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, कुठली कुठे आहे ते.

जाईने पहिली बाटली मुठीत घेतली. हेमचंद्रांनी दाबलं, हात टिकला. दुसरी, टिकला. तिसऱ्या बाटलीला हात सपकन खाली आला. "हीच," ते म्हणाले. कादंबरीने कागद सोडला. आत तांदूळ होते.

साधना ताटलीच्या आणखी जवळ सरकली. पाचात एकदा नुसत्या नशिबानेही बरोबर येऊ शकतं, हे तिला माहीत होतं, आणि तसं आलं तर हा जमाव काय करेल याचाही तिला अंदाज होता.

पुन्हा सरमिसळ झाली. या वेळी हेमचंद्रांनी वेळ घेतला, डोळे मिटले, ओठ हलवले. पाचव्या बाटलीला हात पडला. कागदातून तूरडाळ निघाली. कादंबरीने बाकीचे कागदही सोडले. शेंगदाण्याची बाटली दुसरी होती. त्या बाटलीला, मुद्रेशिवाय, जाईचा हात ताठ राहिला होता.

तिसऱ्यांदा हेमचंद्रांनी बाटलीला हात लावला नाही. ते उठले. या जागेत आता श्रद्धा उरली नाही, ते म्हणाले, आणि जिथे विश्वास नाही तिथे शरीर मुकं होतं.

"शरीर मुकं नाही झालं," साधना म्हणाली. "ते पहिल्यापासून गप्पच होतं. बोलत तुम्ही होता."

मग तिने नरेशला पुढे बोलावलं. तिला व्याख्यान द्यायचं नव्हतं, पण हातात खडू असल्यासारखी ती सगळं सावकाश दाखवत गेली. रिकामी मूठ, हात आडवा. गप्पा मारता मारता मनगटावर दाब, हात खाली. मग सावध करून कोपराजवळ दाब, हात ताठ. मनगट खांद्यापासून लांब, म्हणून तिथे थोडं दाबलं तरी पुरतं. कोपर जवळ, तिथे दुप्पट जोर लागतो. आणि माणसाला आधी सांगितलं की तो स्नायू आवळतो, न सांगता दाबलं की फसतो. तिसरी गोष्ट मनाची. हात पडणार असं ज्याला वाटतं, त्याचा हात निम्मा आधीच पडलेला असतो. खपलीच्या बाटलीत साधा गहू होता, तो कसा, हेही तिने सांगितलं. ऐकताना दोन-तीन जणांनी नकळत गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला.

"मी ट्राय करू?" जाईने विचारलं.

ती खुर्चीवरून उतरली, नरेशच्या बाजूला गेली. त्याला शाळेचं काहीतरी विचारल्यासारखं केलं आणि तो उत्तर देत असताना दोन्ही हातांनी मनगट खाली ओढलं. सहा फुटी नरेशचा हात मांडीवर येऊन आपटला. खोलीतलं पहिलं मोकळं हसू तेव्हा उमटलं. हसला नाही तो फक्त निशिकांत. तो दाराशी उभा होता. तो पुढे आला, ताटलीतला लाडू उचलून त्याने कागदात बांधला, खिशात टाकला आणि लोकांना म्हणाला, "जाहिरात मी लिहिली होती. ती खोटी होती. या मुलीला शेंगदाणा चालत नाही. मुद्रा घातलेल्या कोणीही डॉक्टरांनी मना केलेलं काही खाल्लं असेल, औषध बंद केलं असेल, तर आजच डॉक्टरांकडे जा."

हेमचंद्र गेले, तेव्हा त्यांना कोणी अडवलं नाही. जिना उतरताना दोन बायका त्यांच्या मागोमाग गेल्या आणि आता ते कुठे बसणार, ते विचारू लागल्या.

कादंबरी बराच वेळ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होती. साधना शेजारी बसली, तर ती सरकली. तिला राग आला होता, आणि तो हेमचंद्रांपेक्षा साधनाचाच जास्त आला होता. "एक महिना मला वाटत होतं, हिला कुठेही पाठवता येईल," ती म्हणाली. तेवढंच. मग तिने जाईच्या दप्तरातलं लाल पाकीट उघडून पेन जागेवर आहे ना ते बघितलं आणि मुलीला घेऊन निघून गेली.

पुढचे काही आठवडे ती फिरकली नाही. रांगही फिरकली नाही. गल्लीत पुन्हा शांतता झाली, मेतकुटाच्या पुड्या पुन्हा हलेनात. निशिकांत घरात कमी बोलायचा, पण त्याने एकदाही तिला बोल लावला नाही. व्हॉट्सॲप गटावर मात्र कोणीतरी लिहिलं, की शेटे बाईंनी गुरुजींची साधना मोडली, त्यांना त्याचं फळ मिळेल. त्याखाली नमस्काराची बरीच चित्रं होती.

मग एका शनिवारी कादंबरी आली. तिने तीळ मागितले, राजगिरा मागितला, आणि पिशवी भरताना मान वर न करता सांगितलं, की जाईला इस्पितळात नेऊन पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. अ‍ॅलर्जी पूर्वी होती तेवढीच होती. त्या दिवशी लाडू खाल्ला असता तर, असं तिने डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी पेन काढलं होतं आणि जास्त दाणे पोटात गेले तर एक इंजेक्शन कधी कधी पुरत नाही, हे समजावलं होतं. आता इस्पितळातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी कणाकणाने सवय करण्याचे उपचार असतात म्हणे. जाईला ते लागू पडतील का, ते बघणार होते. कदाचित पडतील, कदाचित नाही. खात्री देत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते.

"खात्री देत नाही म्हणाले, तेव्हाच मला पहिल्यांदा बरं वाटलं," कादंबरी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. साधना गल्ल्याच्या पलीकडून बाहेर आली.

तेवढ्यात एक नवीन गिऱ्हाईक आत आलं. साधनाच्याच वयाच्या बाई, नुकत्या मुलाकडे आलेल्या. त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, की इथे ती तांब्याची मुद्रा मिळायची ना? त्यांच्या गुडघ्यांसाठी त्यांच्या बहिणीने सांगितली होती. ते सगळं खोटं ठरलं असं ऐकलं, पण बहिणीला तर गुण आला होता. आता खरं कुणाचं मानायचं?

कादंबरी काही बोलणार होती, पण साधनाने तिच्या दंडाला हात लावला.

"माझं मानू नका," ती त्या बाईंना म्हणाली. "त्यांचंही मानू नका, बहिणीचंही नको. घरी गेल्यावर सुनेला सांगा, दहा पुड्या बांध, काहींत मीठ, काहींत साखर, आणि कुठल्या पुडीत काय ते मला सांगू नकोस. मग ज्याला हाताची भाषा कळते त्याला ओळखायला लावा. कळत असेल तर कळेल. आणि तो नाही म्हणाला, तर का नाही म्हणतो, ते त्याला विचारा. विचारायला कोणाची परवानगी लागत नाही."

बाई विचारात पडल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"पण ते दाबतात कसं, ते तरी कळेल का?" त्या म्हणाल्या.

"हो, कळेल की," साधना म्हणाली. "हात आडवा धरा बघू."